कॉम्प्युटर टेबलावर, काम सर्व्हरवर

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट जगभरच्या विंडोज मशिन्सवर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशिन्स निळ्या पडद्यावर अडकून बसली. विमानतळांवर रांगा लागल्या, इस्पितळांतल्या तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि दिवस मावळायच्या आत निष्कर्षही निघाला: ‘बघा, सगळं एका जागी एकवटलं की असं होतं. ज्याचं मशीन त्याच्या ताब्यात असायला हवं.’ हे वाक्य त्यानंतर मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे की आता कोण म्हणणार हे चेहऱ्यावरूनच ओळखू येतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा हा प्रकार आहे. कंपनीने ती चुकीची फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली होती. पुढचे कित्येक दिवस गेले ते प्रत्येक मशीनपाशी माणूस पोचवण्यात. मशीन सेफ मोडमध्ये चालू करायचं, एक फाइल उडवायची, पुन्हा चालू करायचं. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधून आणायची आणि एकेक आकडा हाताने टाइप करायचा. सर्व्हरही पडले होते, नाही असं नाही. पण सर्व्हर एका कन्सोलपुढे बसून उठवता येत होते, आणि टेबलांवरच्या मशिन्ससाठी जिने चढावे लागत होते. चूक एका ठिकाणी झाली होती, हे खरं. पण दुरुस्ती हजारो ठिकाणी करावी लागली, ती कशामुळे?

सगळ्या जगाने एकाच विक्रेत्याचं सॉफ्टवेअर वापरणं आणि एका व्यवसायाने आपलं काम आपल्या सर्व्हरवर एकत्र ठेवणं या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. वादात त्यांची सर्रास गल्लत होते. दुसरी गल्लत ‘क्लाउड’, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतले भाड्याचे सर्व्हर, या शब्दाने केली आहे. सर्व्हर भाड्याचा की स्वतःचा, हा मालकीचा प्रश्न झाला. काम कुठे चालतं, हा रचनेचा प्रश्न आहे. मी बोलतो आहे ते रचनेबद्दल. सर्व्हरवर प्रोग्रॅम चालतो, सर्व्हरवरच फाइल राहते, आणि टेबलावरचं यंत्र फक्त पडद्यावरचं चित्र दाखवतं आणि तुमची बोटं कुठल्या कळांवर पडली ते मागे कळवतं. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या व्यवसायात बरेच जण एकाच हिशेबावर, एकाच साठ्यावर, एकाच ग्राहकयादीवर काम करतात, तिथे हीच रचना योग्य आहे, आणि टेबलावरचं मशीन हे पंख्यासारखं, बिघडलं तर बदलून टाकायचं यंत्र असायला हवं. पोटापाण्यासाठी मी अशाच व्यवस्था उभारतो, तेव्हा माझा कल कुठे असणार हे वाचकाने धरूनच चालावं.

या बाजूचा सगळ्यात दुबळा मुद्दा आमच्याच लोकांनी पुढे केलेला आहे, तो म्हणजे ‘स्वस्त पडतं’. थिन क्लायंट, म्हणजे टेबलावरचं ते नुसतं चित्र दाखवणारं यंत्र, पीसीपेक्षा स्वस्त असतो, म्हणून घ्या. हा हिशेब कागदावर चांगला दिसतो आणि पहिल्याच वर्षी तोंडघशी पाडतो. सर्व्हर चांगला घ्यावा लागतो, एकाऐवजी दोन घ्यावे लागतात, दूरच्या सेशनचे, म्हणजे सर्व्हरवर दुरून काम करण्याचे, परवाने वेगळे, नेटवर्कचं काम वेगळं. १९९६ च्या सुमारास ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा डंका पिटला होता. डिस्क नसलेलं स्वस्त यंत्र, बाकी सगळं नेटवर्कवर. पण त्या काळचं नेटवर्क कासवाच्या चालीचं होतं, आणि इकडे पीसीच्या किमती इतक्या भराभर घसरल्या की फरकच उरला नाही. कल्पना चुकीची नव्हती, तिच्या बाजूने मांडलेलं कारण चुकीचं होतं. बचत यंत्राच्या किमतीत फारशी नसते, ती यंत्राच्या मागे धावणाऱ्या माणसांच्या वेळेत असते. ऑफिसच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर दिवसाचा बहुतेक वेळ नुसता बसून असतो. पत्र टाइप करताना दोन कळांच्या मधल्या वेळात त्याला काहीच काम नसतं. चाळीस जणांचं असं मधूनमधूनचं काम एका सर्व्हरवर आणलं की चाळीस प्रोसेसरांची गरज लागत नाही, हेही खरं आहे. पण हा वरचा फायदा. निव्वळ त्यासाठी कोणी या वाटेला जाऊ नये.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू, आणि तिचं सगळ्यात भक्कम रूप ऐकू. पीसीचं बंड न्याय्य होतं. एमआयटीत १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी तिथेच भाषणात भाकीत केलं की संगणनाचीही एक दिवस टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होईल. हे सगळं फार सुंदर होतं. पण व्यवसायांच्या वाट्याला आलं ते काचेच्या खोलीतलं मेनफ्रेम, म्हणजे सगळ्या कंपनीचं एकच मोठं यंत्र, आणि त्या खोलीच्या दाराशी लागलेली रांग. विक्री विभागाला एक नवा अहवाल हवा असेल तर अर्ज करायचा, अर्ज समितीपुढे जायचा, आणि अहवाल हाती येईपर्यंत त्याची गरज संपलेली असायची. १९७९ मध्ये ॲपल टू या छोट्या कॉम्प्युटरवर व्हिजिकॅल्क हे आकड्यांची कोष्टकं मांडणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा विभागप्रमुखांना ते जादूचं वाटलं यात नवल काय? आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते आणि त्यासाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही! १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि काचेच्या खोलीचा दरारा संपला. लोकांनी पीसी घेतले ते तंत्राच्या प्रेमापोटी नव्हे, रांगेला कंटाळून. केंद्रीकरणाचा पुरस्कार करताना हा इतिहास जो विसरतो त्याने गप्प बसावं. सर्व्हर सांभाळणारे लोक पुन्हा त्या काचेच्या खोलीतल्यासारखे वागू लागले, तर कर्मचारी आपापले पेन ड्राइव्ह आणि आपापले खासगी ईमेल काढतील, आणि ते काढतातच.

पण बंडानंतर काय झालं? त्या काळातला मी एक शिपाई आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या खांद्याच्या पिशवीत नऊ सीडी, दोन पेन ड्राइव्ह, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक वही असे. वहीत बेचाळीस मशिन्सची यादी होती, प्रत्येकापुढे कोणतं व्हर्जन आहे ते पेन्सिलीने लिहिलेलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची अपडेट आली की पहिल्या टेबलापासून सुरुवात करायची. ‘साहेब, पाच मिनिटं उठता का?’ साहेब कधीच पाच मिनिटं उठत नसत, त्यांची एंट्री अर्धवट असे. शेवटच्या मशीनपर्यंत पोचायला चार दिवस लागत, आणि चौथ्या दिवशी पुढची अपडेट आलेली असे. म्हणजे ऑफिसात कायम दोन व्हर्जन्स नांदत. एका व्हर्जनमध्ये केलेली फाइल दुसऱ्यात उघडत नसे आणि दोष माझ्यावर येई. सामायिक फोल्डरमध्ये एका महिन्याच्या ताळेबंदाच्या मी सात प्रती मोजल्या होत्या: ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरा’, ‘हाच वापरा’, असं करत करत. सातवी ज्या बाईंच्या मशीनवर होती त्या रजेवर होत्या, आणि पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता. खरी प्रत तीच निघाली. ज्याला आपण ‘प्रत्येकाचं स्वातंत्र्य’ म्हणतो त्याची ही दुसरी बाजू आहे, आणि तिचा खर्च कोणत्याही खतावणीत दिसत नाही.

खरं तर एकत्र ठेवण्याची गरज यंत्रापेक्षा जुनी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सच्या आरक्षण कार्यालयात विमानांच्या जागा कार्डांवर नोंदलेल्या असत. कार्डं एका फिरत्या चौकटीत लावलेली, आणि तिच्याभोवती माणसं बसलेली. टेलिफोन आला की चौकट फिरवायची, कार्ड काढायचं, खूण करायची. म्हणजे ‘सर्व्हर’ तेव्हाही एकच होता, फक्त तो लाकूड आणि पुठ्ठ्याचा होता. एकच असणं भाग होतं, कारण विमानातली एक खुर्ची एकदाच विकता येते. पाच गावांत पाच कार्डं ठेवली असती तर एकाच खुर्चीवर पाच प्रवासी आले असते. आयबीएमबरोबर या कंपनीने सेबर ही प्रणाली उभी केली आणि १९६४ मध्ये ती पूर्णपणे चालू झाली, तेव्हा त्या पुठ्ठ्याच्या जागी कॉम्प्युटर आला, तत्त्व तेच राहिलं. बँकेचंही तसंच. खातं शाखेच्या वहीत होतं तोवर माणूस शाखेचा ग्राहक होता, खातं मध्यवर्ती सर्व्हरवर गेलं तेव्हा तो बँकेचा ग्राहक झाला. गोदामात शिल्लक राहिलेली शेवटची पेटी, डॉक्टरची साडेचारची वेळ, ग्राहकाची उधारीची मर्यादा, या सगळ्या विमानातल्या खुर्च्याच आहेत. त्यांच्याबद्दल दोन ठिकाणी दोन सत्यं असू शकत नाहीत.

दोन सत्यं असली की ती जुळवायला मध्ये कोणीतरी फाइल पाठवतो, आणि घात तिथे होतो. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडून कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून आणि संपर्क शोधण्याच्या यादीतून गळले. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली एक्सेलच्या जुन्या स्वरूपात ओतल्या जात होत्या, आणि त्या जुन्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत. वरच्या ओळी राहिल्या, खालच्या गेल्या, आणि एक्सेलने त्याबद्दल तक्रार केली नाही. त्यात मूर्ख कोणीच नव्हतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे माहिती फाइलच्या पाठीवर बसून जात होती, एवढंच. सगळ्यांनी एकाच डेटाबेसवर नोंद केली असती तर वाटेत सांडायला वाटच उरली नसती.

माहिती टेबलावर राहिली की ती टेबलावरून उठून घरीही जाते. मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क गेली, आणि त्यांत सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते. पुढे ती यंत्रं सापडली आणि माहितीला कोणी हात लावलेला नसल्याचा निर्वाळा तपासयंत्रणेने दिला, हे नशीब. तो कर्मचारी कामच करायला माहिती घरी नेत होता. त्याला दोष देऊन काय साधतं? माहिती सर्व्हरवर राहिली असती आणि त्याच्या पडद्यावर फक्त चित्र आलं असतं, तर चोराच्या हाती एक यंत्र लागलं असतं, बस्स. एनक्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता न येण्याची सोय, आहे की त्याला, असं यावर म्हटलं जातं. आहे. पण ते प्रत्येक मशीनवर चालू आहे ना, हे बघायला पुन्हा माझी पेन्सिलीची वही काढावी लागते.

इथवर विरोधक मान डोलावतो आणि मग आपला हुकमी पत्ता टाकतो: ‘सर्व्हर बंद पडला की सगळे बंद.’ बरोबर आहे. आकडे मांडू. ९९.९ टक्के वेळ चालणारा सर्व्हर वर्षातून सुमारे पावणेनऊ तास बंद राहतो. शंभर माणसांच्या ऑफिसात, हे सगळे तास नेमके कामाच्या वेळेत आले असं धरलं तरी, ८७५ माणूसतास गेले. आता उलट बाजू. समजा, प्रत्येकाचं स्वतंत्र मशीन वर्षातून दोन दिवस, म्हणजे सोळा तास, कुठल्या ना कुठल्या कारणाने निकामी असतं. माझ्या अनुभवात हे फार धरलेलं नाही. तर १,६०० तास गेले. बेरीज माझ्या बाजूने आहे, पण मी ती विजयाने मिरवणार नाही, कारण विरोधकाचं उत्तर चोख आहे: एका माणसाचं मशीन गेलं तर शेजारचा त्याचं काम उचलतो, शंभरांचं एकदम गेलं तर ग्राहक दारातून परत जातो. एकत्र झालेलं नुकसान बेरजेपेक्षा मोठं असतं. हे मान्य करूनच पुढे जायला हवं, आणि म्हणूनच एकच सर्व्हर घेऊन सगळं त्यावर चढवणाऱ्या माणसाला मी केंद्रीकरणवादी म्हणत नाही, जुगारी म्हणतो. दोन सर्व्हर हवेत, दोन वाटांनी येणारं नेटवर्क हवं, आणि बॅकअप तिसरीकडे हवा. शंभर मशिन्सना दुहेरी करणं कोणालाच परवडत नाही. एका सर्व्हरला दुहेरी करणं परवडतं. मजबुतीचा खर्च एकाच ठिकाणी करता येणं, हा केंद्रीकरणाचा माझ्या मते सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा फायदा आहे.

आणि विखुरलेलं म्हणजे सुरक्षित, हे तरी कोणी ठरवलं? २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो आत शिरला आणि एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेला. मर्स्क ही जगातली एक सर्वांत मोठी जहाज कंपनी त्यात सापडली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. पंचेचाळीस हजार वेगवेगळ्या टेबलांवर पंचेचाळीस हजार वेगवेगळ्या हार्ड डिस्क होत्या. त्यातून स्वातंत्र्य किती मिळालं? नेटवर्कने जोडलेली मशिन्स दिसायला वेगळी असतात, मरताना मात्र एका माळेचे मणी असतात. या कहाणीतला मला सगळ्यात शिकवून गेलेला तपशील पुढचा आहे. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीने जगभर पसरले होते, एक गेला तर दुसरा असावा म्हणून. ते एकमेकांशी सतत ताळमेळ ठेवत, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. दीडशे प्रतींनी जे साधलं नाही ते एका खंडित तारेने साधलं. म्हणजे संरक्षण प्रतींच्या संख्येत नव्हतं, तोडलेपणात होतं. तो तोडलेपणा योगायोगावर सोडायचा की रोज रात्री ठरवून करायचा? ठरवून करायचा असेल तर माहिती आधी एका ठिकाणी गोळा असावी लागते. बेचाळीस डिस्कांचा बॅकअप रोज तोडून कपाटात ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या बाजूने झालेल्या दुर्घटनाही लपवायला नकोत. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत जळून खाक झाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, ते गेले ते कायमचे. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुकने आपल्याच अंतर्गत नेटवर्कला दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे स्वतःला इंटरनेटवरून सहा तासांहून अधिक काळ गायब करून घेतलं, आणि दुरुस्त करणारी साधनंही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्यामुळे दुरुस्तीला निघालेले इंजिनिअर खोळंबले. किल्ली कुलपाच्या आत राहिली, असंच ते झालं. या दोन्हीतून मी घेतलेला धडा मध्यवर्ती सर्व्हर मोडीत काढण्याचा नाही. पहिल्या घटनेनंतर ज्यांचा बॅकअप दुसऱ्या शहरात होता ते काही तासांत किंवा दिवसांत उभे राहिले. दुसरीनंतर मी स्वतः एक नियम पाळतो: सर्व्हरच्या खोलीची किल्ली, पासवर्डांचा बंद लिफाफा आणि दुरुस्तीच्या पायऱ्यांचा छापील कागद, यांतलं काहीही सर्व्हरवर अवलंबून असता कामा नये. कागद, हो. छापील.

वेगाबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किमान १० मिलिसेकंद. प्रत्यक्षात याच्या दोन-तीन पट लागले तरी टाइप करणाऱ्या बोटांना ते कळत नाही. शंभराच्या पुढे गेलं की मात्र अक्षर रेंगाळलेलं दिसतं आणि माणूस वैतागतो. म्हणजे अंतर हा क्वचितच खरा अडथळा असतो. खरे अडथळे फार क्षुल्लक दिसतात, आणि त्यांनीच या रचनेचं नाव खराब केलं आहे. मी उभारलेल्या पहिल्या मोठ्या व्यवस्थेत मी सर्व्हरची ताकद सरासरी वापरावरून ठरवली होती. सोमवारी सकाळी साडेनऊला सगळे एकदम लॉगिन झाले. पडदे काळे, मग निळे, मग त्यावर एक गोल फिरतंय, फिरतंय. पंधरा मिनिटांनी एका ज्येष्ठ कारकुनांनी एक शब्द न बोलता खण उघडला, जुनं रजिस्टर काढलं, चष्मा लावला आणि हाताने नोंदी करायला सुरुवात केली. इतका नेमका निषेध मला नंतर कोणी केलेला नाही. त्याच आठवड्यात प्रिंटरचं प्रकरण झालं. सर्व्हरवरच्या सेशनमध्ये कोणाचा प्रिंटर कोणता, हे नीट बांधलेलं नव्हतं, आणि वरच्या मजल्यावरून दिलेल्या पगाराच्या पावत्या खाली स्वागतकक्षात छापून बाहेर पडल्या. चूक माझी होती. सरासरी नको, गर्दीचा क्षण मोजायला हवा होता, आणि प्रिंटर, स्कॅनर, बारकोड वाचणारं यंत्र यांची यादी आधी करायला हवी होती. पण या चुका एका ठिकाणी होत्या म्हणून एका रात्रीत निस्तरता आल्या, हेही मला नोंदवलं पाहिजे.

एक तुलना मात्र आमच्या बाजूचे लोक फार सैलपणे वापरतात, ती विजेची. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसन यांचं वीजकेंद्र सुरू झालं. पुढची काही दशकं कितीतरी कारखाने स्वतःचे जनित्र चालवत राहिले, आणि हळूहळू त्यांनी ते मोडून केंद्रातली वीज घेतली. संगणनाचंही तसंच होणार, असं सांगितलं जातं. रचनेपुरतं हे ठीक आहे, मालकीपुरतं नाही. विजेवर तुमचं नाव नसतं. एका केंद्राची वीज महाग झाली तर दुसऱ्याची घ्या, दिवा तोच लागतो. तुमची ग्राहकयादी, तुमचे दहा वर्षांचे व्यवहार यांचं तसं नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी. भाड्याच्या सर्व्हरवर जाणाऱ्या व्यवसायाला मी करार वाचताना शेवटून सुरुवात करायला सांगतो: बाहेर पडायचं झालं तर माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल? हे लिहिलेलं नसेल तर आधीच्या पानांवरच्या सवलती वाचण्यात अर्थ नाही. पण हा आक्षेप मध्यवर्ती रचनेवरचा नव्हेच. स्वतःच्या खोलीत स्वतःचे दोन सर्व्हर ठेवूनही ही रचना उभी राहते. १९९५ मध्ये सिट्रिक्सचं विनफ्रेम आणि १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली, तेव्हापासून साध्या विंडोजच्या प्रोग्रॅम्ससाठी ती सोय आहे.

राहिला सत्तेचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात अस्वस्थ करतो. सर्व्हर ज्याच्या हाती, त्याला कोण कधी आलं, कोणती फाइल किती वेळ उघडी होती, हे सगळं दिसतं. वरिष्ठांना ते बघायचा मोह होतो. एका व्यवस्थापकांनी मला ‘दिवसातला रिकामा वेळ’ प्रत्येक कर्मचाऱ्यापुढे लिहून द्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘साहेब, मग तुमचाही त्याच यादीत येईल.’ विषय तिथे थांबला, पण नेहमी असा थांबत नाही. टेबलावरच्या मशीनवरही पाळत ठेवता येते आणि ठेवली जाते, हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. एका ठिकाणी सगळं आलं की पाळत सोपी होते, आणि सोपं झालेलं माणूस करतोच. काय नोंदवलं जातं, किती दिवस ठेवलं जातं आणि कोण बघू शकतं, हे कर्मचाऱ्यांना लेखी दिलेलं असलं पाहिजे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या हालचालींची नोंद त्याला पुसता येऊ नये. रांगेचाही बंदोबस्त याच दमात करायला हवा. विभागाला हवा तो अहवाल स्वतः काढता यावा, त्यासाठी वाचण्यापुरता प्रवेश आणि खेळायला एक वेगळा कोपरा हवा. व्हिजिकॅल्कने लोकांना जे दिलं ते काढून घेऊन कोणतीही मध्यवर्ती व्यवस्था टिकणार नाही, आणि टिकू नये.

काही जागी तर मी स्वतःच नको म्हणतो. व्हिडिओ संपादन करणारा, कारखान्यात यंत्राला जोडलेला नियंत्रक, जिथे नेटवर्कचा भरवसा नाही अशा ठिकाणी फिरून नोंदी घेणारा, यांना टेबलावरची किंवा हातातली ताकद लागते. तीन माणसांच्या ऑफिसलाही सर्व्हरची खोली म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण चाळीस माणसं एकच खतावणी लिहीत असतील तर?

तेच रजिस्टर काढणारे कारकून. त्या सोमवारनंतर साधारण वर्षभराने त्यांच्या टेबलावर पाण्याचा पेला कलंडला आणि समोरचं छोटं यंत्र विझलं. मी धावत वर पोचलो तोवर ते खुर्चीवर नव्हते. शेजारच्या रिकाम्या टेबलावर बसून त्यांनी आपलं नाव आणि पासवर्ड टाकला होता. पडद्यावर त्यांचं अर्धवट व्हाउचर जसंच्या तसं उघडलं, रकमेच्या रकान्यात पाचापैकी तीनच आकडे पडलेले, पुढे कर्सर लुकलुकत होता. त्यांनी उरलेले दोन टाकले, एंटर दाबलं आणि मग मान वर करून मला म्हणाले, ‘ते टेबल तेवढं पुसायला सांगा कोणाला तरी.’